गादीशी लावलेली पैज

आपलं कौतुक ऐकून माणसाला जमिनीत शिरावंसं वाटावं, असं तुमचं कधी झालंय का? मावशींचं झालं. तेही भरल्या वॉर्डात, मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून, सगळे टाळ्या वाजवत असताना. पण ते पुढचं. आधी मावशी कोण ते सांगायला हवं.

दवाखान्यात पेशंटला भांडं देणारी, पुसणारी, उचलणारी जी बाई असते, तिला सगळे मावशीच म्हणतात. सत्तरीचा म्हाताराही पन्नाशीच्या बाईला मावशी म्हणून हाक मारतो. दवाखान्यातली नाती वयावर नसतात, कपड्याच्या रंगावर असतात. ह्या मावशींना त्या वॉर्डात सव्वीस वर्षं झाली होती. वॉर्ड अंथरुणाला खिळलेल्या पुरुषांचा. कुणाची कंबर मोडलेली, कुणाची एक बाजू गेलेली. अशी माणसं आपली आपण कूस बदलू शकत नाहीत. आणि एकाच अंगावर तासन्‌तास पडून राहिलं की माकडहाडावरची कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग फाटते. आत बोट जाईल एवढा खड्डा पडतो. डॉक्टर त्याला बेडसोअर म्हणतात. मावशी म्हणायच्या, पाठ सोलली.

पाठ सोलू नये म्हणून दर दोन तासांनी पेशंटला वळवायचं असतं. दुसऱ्या वॉर्डांत त्याला दोघीजणी लागायच्या, मावशी एकट्या करायच्या. पेशंटच्या खाली एक आडवी चादर कायम घातलेली असे. तिची कड मुठीत धरायची, आपला गुडघा खाटेला टेकवायचा आणि त्याला काहीतरी विचारायचं. काल जावई आला होता का, सकाळचा चहा गोड होता का, असलं काहीही. तो उत्तर द्यायला लागला की बोलता बोलता कुशीवर. घाबरलेलं अंग जड होतं, बोलणारं हलकं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. मग तळहातानं चादरीची एकेक चुणी काढायची. एखादी चुणी राहिली तर घरी गेल्यावर जेवण जायचं नाही म्हणे. हे त्या स्वतःच सांगायच्या, तेव्हा किती खरं धरायचं ते तुम्ही ठरवा.

घरी त्या आणि सून. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे सासूसुनेला भांडायलाही एकमेकींशिवाय कुणी नव्हतं आणि समेट करायलाही. सून शिवणाच्या कारखान्यात काज-बटणं करायची. संध्याकाळी दोघी आपापली दुखणारी कंबर भिंतीला टेकवून बसायच्या आणि कुणाची जास्त दुखते यावर वाद घालायच्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वॉर्डात नव्या गाद्या आल्या.

राखाडी रंगाच्या, आडव्या फुगवट्यांच्या, पायथ्याशी एक डबा. डब्यातली मोटर सुरू केली की एक सोडून एक फुगवटा हवेनं भरायचा. थोड्या वेळानं ते बसायचे आणि मधले वर यायचे. म्हणजे पेशंटच्या अंगाखालचा भार आपोआप इकडचा तिकडे. गाद्यांबरोबर एक तरुण डॉक्टरीण आली. ह्या गादीनं पाठी खरंच वाचतात का, हे तिला शोधायचं होतं. असाच शोध आणखी चार दवाखान्यांत चालू होता. तिच्याकडे बंद पाकिटांचा गठ्ठा असायचा. नवा पेशंट आला की ती त्याच्याजवळ स्टूल ओढून बसायची, सगळं समजावून सांगायची, आणि त्यानं सही किंवा अंगठा दिला की वरचं पाकीट फोडायची. आत लिहिलेलं असेल ते त्याच्या वाट्याला, नवी गादी नाहीतर रोजची साधी. निवड कुणाच्याच हातात नाही, तिच्याही नाही. वॉर्डानं दुसऱ्याच दिवशी तिचं नाव पाकीटबाई ठेवलं. तिला ते कळलं तेव्हा ती हसली, आणि तिथेच ती मावशींना आवडली.

पाकीटबाईंनी मावशींनाही समोर बसवून समजावलं. दोन्ही गाद्यांवरच्यांचं सगळं सारखं करायचं. दर दोन तासांनी कूस, ना कमी ना जास्त. फरक काय तो गादीचा. नाहीतर कशानं काय झालं ते कळणार कसं? प्रत्येक खाटेला एक तक्ता लटकवला होता. आठ, दहा, बारा, दोन, अशा वेळा छापलेल्या, वळवलं की समोर टिक करायची. मावशींची शाळा चौथीत सुटली होती, पण एवढं येत होतं. सगळं नीट चाललं होतं आणि पाकीटबाईंनी शेवटी एक वाक्य प्रेमानं जोडलं, की ह्या गाद्या पास झाल्या ना मावशी, तर तुमचे कष्ट वाचतील.

लिफ्टवाला दारात उभा होता. त्याला तोंड आवरत नाही हे सगळ्या दवाखान्याला माहीत. तो म्हणाला, "मावशी, आता तुमच्या जागी हा डबा. त्याला रजा नको, चहा नको, आणि उलट बोलायला तोंड नाही."

सगळे हसले. मावशीही हसल्या. हसल्या खऱ्या, पण ते बोलणं पदरात बांधून घरी घेऊन गेल्या. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं की, मग तुमच्या कंबरेचं गाऱ्हाणं तरी बंद होईल. त्या दिवशी मावशी कंबरेबद्दल काही बोलल्या नाहीत. सव्वीस वर्षं ज्याच्या जोरावर मान वर करून चाललो, ते एका डब्याला जमतं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या डब्याशी पैज लावली. डब्याला अर्थात ह्यातलं काही माहीत नव्हतं.

साध्या गादीवरच्या पेशंटांना मावशी दोन तासांऐवजी तासाला वळवायला लागल्या. तक्त्यावर टिक मात्र दोन तासांचीच. ह्यात खोटं ते काय, जास्तच करतेय की, असं स्वतःला समजवायच्या. पण दिवसाचे तास कुणी वाढवून देत नाही, आणि हातही दोनच. इकडे जास्त दिलं की तिकडचं कमी होणारच. नव्या गादीवरच्यांचं दहाचं वळवणं अकराला व्हायला लागलं, मग बाराला, मग दहाचं आणि बाराचं दोन्ही होईनासं झालं. सकाळी आठला वळवलेला माणूस दुपारी दोनपर्यंत तसाच. टिका मात्र सगळ्या जागच्या जागी. एवढी हुशार गादी आहे ना, मग फिरवू दे तिलाच, असं मनात म्हणत पेन्सिल चालायची.

पहिल्यांदा न वळवता टिक केली तेव्हा हात थबकला होता. दहाव्यांदा थबकला नाही. त्याच महिन्यात एका गवंड्याची पाठ सोलली, नव्या गादीवरच्या. पुढे आणखी एकाची, तीही नव्या गादीवरची. साध्या गादीवर एकाचीही नाही. मावशींना वाईट वाटलं. आणि वाईट वाटत असताना आत कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. पुढे त्यांनी हे स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, म्हणून सांगते. नाहीतर असलं कुणाच्या मनात घालायला मला धीर झाला नसता.

मग सात नंबरच्या खाटेवर घड्याळजी आले. बाजारात त्यांचं हातभर रुंदीचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. शिडीवरून पडले आणि कंबरेखालचं सगळं गेलं, हलणंही आणि कळणंही. पाकिटात त्यांना नवी गादी निघाली. पहिल्याच दिवशी भिंतीकडे बघून ते म्हणाले, की मावशी, तुमचं हे घड्याळ सहा मिनिटं मागे आहे. मावशी म्हणाल्या, असू दे, आमचा सगळा वॉर्डच सहा मिनिटं मागे आहे, अजून कुणाची गाडी चुकलेली नाही. आजूबाजूच्या खाटा हसल्या. घड्याळजीही हसले. पंचाहत्तरीचा माणूस, बोटं बारीक आणि स्वच्छ, कुणी पाण्याचा पेला दिला तरी आभार मानणारा. मावशींना माणूस आवडला. गादी आवडली नव्हती. तेव्हा त्यांचंही दहाचं आणि बाराचं राहायला लागलं.

एकदाच ते हळू आवाजात म्हणाले, मावशी, बाराचं राहिलं वाटतं.

"तुमच्या खाली इंजिन बसवलंय काका. तुम्हाला माझी काय गरज?" मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत टिक करून पुढे गेल्या.

घड्याळजींनी त्यानंतर तो विषय काढला नाही. मावशी शेजारच्या सहा नंबरच्या म्हाताऱ्याला अकराला वळवायच्या, बाराला वळवायच्या, त्याच्या नातवाची चौकशी करायच्या, चुण्या काढायच्या. सात नंबरवरून ते सगळं दिसायचं.

पाच आठवड्यांनी एका सकाळी अंग पुसताना सिस्टरना जखम दिसली. माकडहाडावर, कडा काळ्या पडलेली. कंबरेखाली काही कळतच नव्हतं, म्हणून घड्याळजी ओरडलेही नव्हते. पाकीटबाई मोजायची कागदी पट्टी घेऊन धावत आल्या. लांबी चार सेंटीमीटर, रुंदी तीन, असं त्यांनी लिहून घेतलं. आदल्या महिन्याचा तक्ता बघितला, एकही टिक सुटलेली नव्हती. मग त्या घड्याळजींच्या तोंडाशी वाकल्या आणि विचारलं, काका, दर दोन तासांनी वळवतात ना तुम्हाला? खरं सांगा, कुणी तुम्हाला काही म्हणणार नाही.

मावशी पायथ्याशी चादरीची कड धरून उभ्या होत्या. घड्याळजींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं.

"अगदी ठरल्या वेळेला," ते म्हणाले. "मावशींवर घड्याळ लावून घ्यावं."

मावशींनी चादर सोडली. त्या मोरीत गेल्या आणि धुऊन पालथी घातलेली भांडी एकेक सुलटी करून पुन्हा धुतली. सहा भांडी होती. सहाही धुतली. बाहेर यायचं म्हणजे सात नंबरवरून जावं लागणार, म्हणून मग मोरीही घासली.

त्या दिवसापासून मावशींनी घड्याळजींना चुकवलं नाही. आठ, दहा, बारा, दोन. पण सोललेली पाठ टिकांनी भरत नाही. त्यांना वळवताना मावशींना काही विचारायला सुचायचं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या गप्प राहून पेशंट वळवत होत्या, आणि घड्याळजी त्यांना जड लागत होते.

आठ महिने झाले आणि सगळ्या दवाखान्यांचे आकडे एकत्र केले. मोठे डॉक्टर वॉर्डात आले, सगळ्यांना गोळा केलं. बाकीच्या चार दवाखान्यांत नव्या गादीनं पाठी वाचल्या होत्या. इथं उलटं. नव्या गादीवर तीन जखमा, साध्या गादीवर शून्य. सगळी बेरीज केली की गादीचा फायदा पुसून जात होता. म्हणजे गादी नापास. पण वाईटातही एक चांगलं दिसलं, मोठे डॉक्टर म्हणाले, साध्या गादीवर एकही जखम न होणं हे कुठेच झालेलं नाही, आणि ते ज्यांच्या हातांमुळे झालं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा. लिफ्टवाल्यानं तर शिट्टीही वाजवली. म्हणाला, हरवलं की मावशी तुम्ही डब्याला.

मावशींचं तोंड भाजल्यासारखं झालं. टाळ्या वाजत होत्या आणि सात नंबरवरून घड्याळजीही वाजवत होते. पडल्या पडल्या, हात छातीवर धरून.

टाळ्या थांबल्यावर पाकीटबाई तक्ते गोळा करत होत्या. मावशींनी चाचरत विचारलं, मग आता ह्या गाद्यांचं काय? त्या म्हणाल्या, काय होणार, परत जाणार. पन्नास खाटांना एक मावशी, तीही निम्मा दिवस, असे किती दवाखाने आहेत. तिथल्या लोकांसाठी मला ही गादी हवी होती. पण आकडे नको म्हणतात तर नको. शुक्रवारी अहवाल पाठवते आहे.

तो मंगळवार होता.

घरी मावशी जेवल्या नाहीत. सुनेनं कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. मग तिनं नेट लावून विचारलं आणि मावशींनी भिंतीकडे बघत सगळं सांगितलं. सुनेनं ताट झाकून ठेवलं.

"दीड वर्ष राहिलंय नोकरीचं," ती म्हणाली. "गादी तुमची नाही, दवाखाना तुमचा नाही. बोलू नका आई."

"त्या माणसानं माझ्यासाठी खोटं का बोलावं गं?"

"ते मला काय विचारता? त्यांना विचारा."

सुनेनं ते वैतागून म्हटलं होतं, पण मावशींनी ते तसंच उचललं. बुधवारी दहाच्या वळवण्याला त्यांनी घड्याळजींना भिंतीकडे तोंड करून कुशीवर घेतलं. तोंड पलीकडे आहे तोवर बोलून घ्यावं, एवढाच धीर होता. पाठीशी उभ्या राहून म्हणाल्या, काका, तुम्हाला सगळं माहीत होतं. मग त्या दिवशी तसं का सांगितलंत?

"सहा नंबरला तुम्ही तासाला वळवायचात. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तुमच्या घड्याळाला नावं ठेवली. तुम्हाला राग आला असेल. तो जाईल म्हणून मी वाट बघत होतो."

मावशी चादरीवरून हात फिरवत राहिल्या. चुणी एकही नव्हती. पाच आठवडे हा माणूस आपल्या कोणत्या शब्दानं घात केला ते आठवत पडून होता, आणि त्यांना तर तो शब्द आठवतही नव्हता. राग आला असता तरी काही बरं होतं, असं त्यांना वाटलं. रागाला निदान समोर माणूस लागतो. त्यांनी तर सात नंबरवर माणूस धरलाच नव्हता, नुसती गादी धरली होती.

तुमचं काही चुकलं नव्हतं काका, एवढंच त्या म्हणाल्या, आणि हात न धुता तशाच पाकीटबाईंच्या खोलीकडे गेल्या.

खोली कसली, जिन्याखालची अडगळ. टेबल, दोन खुर्च्या आणि कागद. मावशी बसल्या नाहीत. दारातूनच सगळं बोलून टाकलं, लिफ्टवाल्याच्या डब्यापासून घड्याळजींच्या बाराच्या टिकेपर्यंत. आता पोरगी ओरडेल, तिनं ओरडावं, असं त्यांना वाटत होतं. शिव्या खाल्ल्या की माणसाला जरा हलकं होतं. पाकीटबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि विचारायला लागल्या. कधीपासून? कोणत्या खाटा? रोज की काही दिवस? साध्या गादीवरच्यांना नेमकं किती वेळा? मावशी आठवून आठवून सांगत होत्या आणि प्रत्येक उत्तरासरशी गोष्ट वाढत होती. मनात ती एवढी मोठी नव्हती.

लिहून झाल्यावर पाकीटबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तेवीस जण होते ह्या वॉर्डातले," त्या म्हणाल्या. "अंगठा देताना एकेकानं मला विचारलं होतं, बाई, ह्याचा पुढं कुणाला उपयोग होईल ना? मी हो म्हटलं होतं, मावशी. मी."

मग पाकीटबाईंचा आवाज बदलला. म्हणाल्या, मीही रोज येऊन टिका मोजल्या. सगळ्या भरलेल्या दिसल्या की खूश होऊन जायचे. एक दिवस जरी त्या स्टुलावर बसून नुसतं बघितलं असतं तर मला दिसलं असतं. मावशींना ते ऐकवेना. स्वतःची लाज पुरेशी होती, ह्या पोरीच्या अंगावर आपल्यामुळे ती चढलेली बघणं जास्त अवघड होतं.

एक गोष्ट मात्र मावशी निघताना पाकीटबाईंनी विचारली. तासाला वळवून एकाचीही पाठ सोलली नाही, हेही शिकण्यासारखं आहे, ते कसं करायचात ते कधीतरी सांगाल का? मावशींनी मान हलवली. म्हणाल्या, त्यात शिकण्यासारखं काही नाही बाई. एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढत होते, आणि वाढपी म्हणून मिरवत होते.

शुक्रवारी अहवाल गेला नाही. आठ महिन्यांचे ह्या वॉर्डाचे सगळे आकडे बाजूला काढले, कारणासकट वर कळवलं. बाकीच्या चार दवाखान्यांवरून गादीचं काय ते ठरणार होतं, पण आता प्रश्न विचारणारे वाढले होते आणि निकाल लांबला होता. मोठ्या डॉक्टरांनी मावशींना लेखी समज दिली आणि वॉर्डातून काढून कपडेघरात टाकलं, चादरी मोजायला. लिफ्टवाला दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं नुसतं विचारलं, कितवा मजला, मावशी? आणि त्याचं बोलणं मावशींना आजवर कधी एवढं लागलं नव्हतं.

ज्यांच्या पाठी सोलल्या त्यांना खरं काय ते सांगणं भाग होतं. पाकीटबाईंनी घड्याळजींना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, मला ठाऊक आहे, मावशींनी मला आधीच सांगितलं. ते अर्धंच खरं होतं, पण माणूसच तसा. दुसऱ्या पेशंटची जखम कधीच भरली होती, तो काठी घेऊन हिंडत होता, त्यानं फोनवर ऐकलं आणि बरं म्हणून ठेवला. उरला गवंडी. त्याला घरी नेलं होतं आणि जखम अजून वाहत होती. पाकीटबाई त्याच्या घरी निघाल्या तेव्हा मावशी कपडेघराला कडी घालून त्यांच्या मागोमाग आल्या. मी येते, म्हणाल्या. यायलाच हवं असं नाही मावशी, पाकीटबाई म्हणाल्या. मावशी म्हणाल्या, मला ठाऊक आहे.

तिसरा मजला, अरुंद जिना. दार गवंड्याच्या बायकोनं उघडलं. मावशींना बघून तिचा चेहरा खुलला. या मावशी, या, मी ह्यांना रोज म्हणते, दवाखान्यात तुमच्या पाठीला मावशी होत्या म्हणून निभावलं. मावशींनी जिना चढताना ठरवलं होतं, की पाण्याचा घोट घ्यायच्या आधी सांगायचं. पण बाईनं त्यांचा हात धरून आत नेलं, बघा ना, माझं पट्टी बांधणं बरोबर आहे का, मला मेलीला काही कळत नाही, असं म्हणत. आणि मावशींनी हात धुतले, जखम पुसली, पट्टी कशी बसवायची, टाच अंथरुणाला टेकू द्यायची नाही, असं सांगत राहिल्या. पाकीटबाई दाराशी उभ्या होत्या. काम संपलं. बाई चहा टाकायला उठली.

"बसा," मावशी म्हणाल्या. "चहा नको. आधी ऐका."

मग त्यांनी सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. गवंडी भिंतीकडे तोंड करून होता, तसाच राहिला. बाई हातात भांडं घेऊन उभी.

"बाकीच्यांना वळवत होतात?" तिनं विचारलं.

"हो."

"तासाला?"

"हो."

"आणि ह्यांना?"

बाईनं भांडं ओट्यावर ठेवलं, अगदी हळू, आवाज होऊ नये असं.

"तुम्ही जा आता," ती म्हणाली.

पाकीटबाई दोन शब्द बोलायला पुढे झाल्या, पण बाईनं दाराकडे हात केला. दोघी निघाल्या. एक मजला उतरून झाला असेल, वरून हाक आली. मावशी अशी नाही. नुसतं, अहो.

बाई कठड्यावरून वाकली होती. डोळे लाल, आवाज कोरडा. म्हणाली, टाच टेकू द्यायची नाही म्हणालात, पण मग ती ठेवायची कशी ते सांगितलंच नाहीत. ते दाखवा. तेवढंच दाखवा आणि मग जा.

मावशी कठडा धरून परत चढल्या. खाटेशी बसल्या, एक जुनी चादर मागून घेतली, तिची गुंडाळी केली आणि गवंड्याच्या पोटरीखाली सरकवली. टाच अंथरुणापासून बोटभर वर आली. बाईनं शेजारी बसून बघितलं. मग गुंडाळी काढून घेतली आणि तीच आपल्या हातानं पुन्हा घातली. चुकली. मावशींनी तिचा हात जरा वर सरकवला. गवंडी अजून भिंतीकडेच बघत होता. दुसरा पाय राहिला होता. बाई म्हणाली, थांबा, हा मी करते, आणि मावशी थांबल्या.